सीए परीक्षेत इतके विद्यार्थी नापास का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनदी लेखापाल, म्हणजे सीए, होण्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था (पुढे फक्त 'संस्था') फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल अशा तीन पातळ्यांवर परीक्षा घेते. या परीक्षांचा निकाल लागला की पुढचे दोन आठवडे विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे जे प्रश्न सातत्याने येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी इंटरमिजिएट आणि फायनलच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि नापास झालेल्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या प्रती त्यांच्यासोबत बसून ओळीने वाचतो. खालची बरीचशी उत्तरे त्या वाचनातून आलेली आहेत. नियमांचा उल्लेख जेथे आहे, तेथे १ जुलै २०२३ पासून लागू झालेली नवी शिक्षण-प्रशिक्षण योजना गृहीत धरली आहे.

१. पास होण्याचा नियम नेमका काय आहे? चाळीस टक्के की पन्नास टक्के?

दोन्ही, आणि दोन्ही एकाच वेळी. प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि ग्रुपमधील सर्व विषयांची बेरीज किमान ५० टक्के हवी. इंटरमिजिएट आणि फायनल या दोन्ही पातळ्यांवर प्रत्येकी तीन विषयांचे दोन ग्रुप असल्यामुळे एका ग्रुपसाठी ३०० पैकी १५० गुण लागतात. फाउंडेशनला ग्रुप नाहीत. तेथे चार विषय मिळून ४०० पैकी २०० गुण आणि प्रत्येकात ४० गुण हवेत. हा दुहेरी नियम वाचायला सोपा असला, तरी नापास होणाऱ्यांपैकी पुष्कळ जण यातल्या दुसऱ्या अटीवर अडकतात. तो मुद्दा प्रश्न ५ मध्ये सविस्तर घेतला आहे.

२. निकाल दहा-पंधरा टक्के लागतो, म्हणजे शंभरातले पंचाऐंशी-नव्वद विद्यार्थी कधीच सीए होत नाहीत का?

नाही. हा आकडा एका परीक्षेचा असतो, एका विद्यार्थ्याच्या संपूर्ण प्रवासाचा नसतो. चौथ्या प्रयत्नात पास झालेला विद्यार्थी आधीच्या तीन निकालांमध्ये नापासांच्या रकान्यात मोजला गेलेला असतो, आणि म्हणून प्रत्येक निकालातील नापासांची संख्या ही कायमच्या बाहेर पडलेल्यांची संख्या समजणे चुकीचे आहे.

तरीही आकडे कठोर आहेत हे मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्या ३२,९०७ विद्यार्थ्यांपैकी ३,०९९ उत्तीर्ण झाले, म्हणजे ९.४२ टक्के. मे २०२४ मध्ये, नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच फायनलमध्ये, हेच प्रमाण १९.८८ टक्के होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते १३.४४ टक्क्यांवर आले आणि मे २०२५ मध्ये १८.७५ टक्के झाले. इंटरमिजिएटला दोन्ही ग्रुपचा निकाल मे २०२४ मध्ये १८.४२ टक्के होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अवघा ५.६६ टक्के. जून २०२४ च्या फाउंडेशनचा निकाल १४.९६ टक्के लागला होता.

या आकड्यांमागे एक गोष्ट दडलेली असते. परीक्षेला बसलेल्यांमध्ये तयारी पूर्ण झालेले किती होते, हे त्यात दिसत नाही. माझ्या वर्गातील अनुभव असा, की प्रत्येक वेळी बरेच विद्यार्थी अर्धा अभ्यासक्रम हातात असताना, केवळ फॉर्म भरला आहे आणि घरी तसे सांगितले आहे म्हणून परीक्षेला बसतात. २०२४ पासून फाउंडेशन आणि इंटरमिजिएट, आणि २०२५ पासून फायनलही वर्षातून तीनदा होऊ लागल्यावर ही प्रवृत्ती वाढलेली मी पाहिली आहे, कारण पुढची परीक्षा नेहमीच चार महिन्यांवर असते.

३. संस्था ठरावीक संख्येनेच सीए तयार करते आणि म्हणून मुद्दाम नापास करते, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तीर्णतेचा निकष गुणांचा आहे, क्रमांकाचा नाही. तुमच्या शेजारी बसलेल्याला किती गुण मिळाले यावर तुमचे पास होणे अवलंबून नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ८,६५० नवे सीए झाले आणि लगेच पुढच्या परीक्षेत २०,४४६ झाले. संख्या आधीच ठरवून ठेवली असती तर सहा महिन्यांत दुपटीपेक्षा मोठी उडी दिसली नसती. काही प्रश्नपत्रिका कठीण निघतात आणि काही परीक्षक हात आखडून गुण देतात, हे मला अमान्य नाही. पण या समजुतीचा खरा तोटा असा, की नापास झालेला विद्यार्थी ती मनाशी धरतो आणि स्वतःची उत्तरपत्रिका मागवून वाचण्याचे टाळतो. तेवढी एक गोष्ट त्याने केली असती, तर पुढचा प्रयत्न वेगळा झाला असता. ती कशी मागवावी, हे प्रश्न १४ मध्ये आहे.

४. माझा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, दोनदा रिव्हिजनही झाली होती. तरी मी नापास झालो. असे कसे होते?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर एकच असते: अभ्यास वाचून झालेला होता, लिहून झालेला नव्हता.

इंटरमिजिएट आणि फायनलच्या तीन तासांच्या पेपरात ३० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि ७० गुणांचे वर्णनात्मक प्रश्न असतात. १८० मिनिटे १०० गुणांना वाटली तर एका गुणाला पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो. म्हणजे १४ गुणांच्या एका संपूर्ण प्रश्नाला सुमारे २५ मिनिटे. या २५ मिनिटांत प्रश्न समजून घ्यायचा, आकडेमोड करायची, वर्किंग नोट लिहायची आणि निष्कर्ष मांडायचा असतो. ज्याने घरी घड्याळ लावून एकही पूर्ण पेपर सोडवलेला नाही, त्याला ही गती परीक्षा केंद्रावर पहिल्यांदाच कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

उत्तरपत्रिकांमध्ये याच्या खुणा स्पष्ट दिसतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सुबक आणि सविस्तर, तिसरे घाईचे, चौथे अर्धे आणि पाचवे कोरे. अकाउंटिंगच्या पेपरात तर एक दृश्य कायम आढळते: ताळेबंद जुळत नाही म्हणून विद्यार्थ्याने वीस मिनिटे चूक शोधण्यात घालवलेली असतात. ताळेबंद जुळवण्यातून फार तर एखादा-दुसरा गुण वाढणार होता, कारण प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र गुण असतात. पण त्या वीस मिनिटांत अख्ख्या प्रश्नाचे दहा गुण हातचे गेले. जुळले नाही तर तसेच ठेवून पुढे जाण्याची सवय घरीच लावून घ्यावी लागते. आणखी एक: प्रश्नातील माहिती संदिग्ध वाटली तर गृहीतक एका ओळीत लिहून पुढे जावे. मनात गृहीत धरलेली गोष्ट परीक्षकाला दिसत नाही.

दुसरे कारण रिव्हिजनच्या स्वरूपाशी संबंधित आहे. दोन पेपरांच्या मध्ये साधारण दीड दिवस मिळतो. त्या दीड दिवसात संपूर्ण विषय पुन्हा नजरेखालून जाईल एवढ्या आकाराचे स्वतःचे टिपण ज्याच्याकडे नसते, तो हजार पानांच्या मॉड्यूलसमोर, म्हणजे पाठ्यपुस्तकासमोर, रात्री अकरा वाजता बसतो आणि कुठले प्रकरण सोडून द्यायचे याचा निर्णय भीतीच्या भरात घेतो. वर्षभरात किती वेळा वाचले यापेक्षा शेवटच्या दीड दिवसात किती पुन्हा आठवले, यावर गुण अधिक अवलंबून असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. मला तिन्ही विषयांत चाळीसच्या वर गुण आहेत, पण ग्रुप राहिला. काही गुणांसाठीच असे का घडते?

कारण तीनही विषयांची तयारी 'पास होण्यापुरती' केलेली असते. समजा फायनलच्या पहिल्या ग्रुपमध्ये ४४, ४७ आणि ५२ गुण मिळाले. प्रत्येक विषयाची अट पूर्ण झाली, पण बेरीज १४३ आली आणि सात गुणांनी ग्रुप गेला. अशा विद्यार्थ्याचे ज्ञान कच्चे नसते. त्याने गुण कोठून वाढवायचे हे आधी ठरवलेले नसते.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक विषय असा निवडावा, ज्यात साठच्या आसपास पोहोचण्याची तयारी करता येईल. तो साठचा विषय असला, तर उरलेल्या दोन विषयांत मिळून ९० गुण पुरतात, म्हणजे सरासरी ४५. फायनलच्या पहिल्या ग्रुपमध्ये पुष्कळांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट हा विषय ही जागा घेऊ शकतो, कारण गणिती प्रश्नात उत्तर बरोबर आले की गुण कापायला वाव राहत नाही. इंटरमिजिएटच्या दुसऱ्या ग्रुपमध्ये कॉस्टिंग ते काम करते. ज्यांची लेखनशैली नेटकी आहे त्यांनी कायद्याचा किंवा ऑडिटचा विषय निवडला तरी हरकत नाही, पण त्यासाठी आधी प्रश्न ६ वाचावा.

६. ऑडिट आणि लॉ या विषयांत मी पाने भरून लिहितो, तरी गुण तिशीतच राहतात. परीक्षकाला नक्की काय हवे असते?

परीक्षकाला तीन गोष्टी याच क्रमाने हव्या असतात: या परिस्थितीला लागू होणारी तरतूद कोणती, दिलेल्या घटनेतील कोणते तपशील त्या तरतुदीत बसतात किंवा बसत नाहीत, आणि म्हणून निष्कर्ष काय. पाने भरलेल्या उत्तरांत बहुधा पहिली गोष्ट मोघम असते, दुसरी पूर्णपणे गायब असते आणि तिसरी केवळ 'ऑडिटरने योग्य ती काळजी घ्यावी' एवढ्यावर आटोपलेली असते.

एक उदाहरण घेऊ. कंपनीच्या हिशोबात मोठी चूक आहे आणि व्यवस्थापन ती दुरुस्त करायला तयार नाही. ऑडिटरने कोणते मत द्यावे, असा प्रश्न आहे. येथे ऑडिटिंगचे मानक क्रमांक ७०५ लागू होते आणि सगळे उत्तर दोन प्रश्नांवर उभे असते. पहिला: ऑडिटरकडे पुरेसा पुरावा आहे का? दुसरा: चुकीचा परिणाम संपूर्ण वित्तीय पत्रकांवर पसरलेला, म्हणजे पर्व्हेसिव्ह, आहे का? पुरावा आहे, चूक मटेरिअल, म्हणजे वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करण्याइतकी मोठी, आहे पण पसरलेली नाही, तर क्वालिफाइड, म्हणजे त्या मुद्द्यापुरता अपवाद नोंदवणारे, मत. चूक मटेरिअल आहे आणि पसरलेलीही आहे, तर पत्रके योग्य चित्र दाखवत नाहीत असे सांगणारे अ‍ॅडव्हर्स. पुरेसा पुरावाच मिळाला नाही आणि त्याचा संभाव्य परिणाम पसरलेला आहे, तर डिस्क्लेमर, म्हणजे मत देता येत नाही असे सांगणे. ज्या विद्यार्थ्याने हे तीन शब्द बरोबर वापरून दिलेल्या घटनेला लावले, त्याचे उत्तर अर्ध्या पानाचे असले तरी पूर्ण गुणांच्या जवळ जाते. ज्याने 'ऑडिटरने व्यवस्थापनाशी चर्चा करावी, नाही ऐकले तर अहवालात नमूद करावे' असे दोन पाने लिहिले, त्याला एखाद-दोन गुणांवर समाधान मानावे लागते, आणि तो मग परीक्षकाला दोष देतो.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. कलमाचा क्रमांक आठवत नसेल तर तो अंदाजाने लिहू नये. क्रमांकाशिवाय बरोबर लिहिलेल्या तरतुदीला गुण मिळतात, पण चुकीचा क्रमांक संपूर्ण उत्तराविषयी शंका निर्माण करतो.

७. बहुपर्यायी प्रश्नांत उत्तर येत नसेल तर सोडावे की अंदाज करावा?

पातळी कोणती आहे त्यावर हे ठरते. इंटरमिजिएट आणि फायनलला चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे काही कारण नाही. फाउंडेशनच्या तिसऱ्या आणि चौथ्या पेपरात मात्र प्रत्येक चुकीला पाव गुण वजा होतो.

या पाव गुणाच्या भीतीने फाउंडेशनचे अनेक विद्यार्थी वीस-पंचवीस प्रश्न सोडून देतात. हिशोब करून पाहावा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा पाव गुण जातो. सरासरी फायदा प्रश्नामागे ०.०६ गुणाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शून्य. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे ओळखता आले, तर सरासरी फायदा ०.१७ होतो, आणि दोन पर्याय बाद करता आले तर ०.३८. म्हणून ज्या प्रश्नात काहीच कळत नाही तेथे वेळ घालवू नये, आणि जेथे एखादा तरी पर्याय बाद होतो तेथे उत्तर द्यावे. चाळीसची अट तीन गुणांनी हुकलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हे गुण सरळ सांडलेले दिसतात.

८. आर्टिकलशिप आणि अभ्यास एकत्र जमत नाही. नापास होण्याचे हेच कारण असेल का?

जुन्या योजनेत ते मोठे कारण होते. तेव्हा तीन वर्षांच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, शेवटच्या सहा महिन्यांत फायनल देता येत असे, आणि मे महिन्याच्या परीक्षेआधीचा एप्रिल बँकांच्या शाखांच्या ऑडिटमध्ये जात असे, तर नोव्हेंबरच्या परीक्षेआधीचा सप्टेंबर टॅक्स ऑडिटच्या ३० तारखेच्या मुदतीत. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, ती सुरू करण्यासाठी इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास असणे बंधनकारक झाले, आणि फायनल ती पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या अभ्यासकाळानंतर देता येते.

त्यामुळे वेळेचा झगडा कमी झाला, पण एक नवीन अडचण समोर आली आहे. आता 'पुढे सहा महिने मोकळे आहेतच' या भरवशावर दोन वर्षे पुस्तक उघडलेच जात नाही. इंटरमिजिएटच्या वेळी पक्के झालेले कॉस्टिंग आणि अकाउंटिंग तोपर्यंत विसरलेले असते, आणि सहा महिन्यांतले पहिले दोन महिने जुनेच पुन्हा शिकण्यात जातात. आर्टिकलशिपच्या काळात रोज एक तास, आणि तो तास शक्यतो कार्यालयात त्या आठवड्यात चाललेल्या कामाशी जोडलेल्या विषयाला द्यावा, असा माझा सल्ला असतो. जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्या मुलीने त्याच आठवड्यात इनपुट टॅक्स क्रेडिटचे (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचे) प्रकरण वाचले, तर ते तिच्या कायमचे लक्षात राहते.

९. क्लास लावूनही नापास झालो. क्लास बदलू का?

बहुतेक वेळा नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्याने ऐकणे हे काम सोपे आणि समाधान देणारे असते, आणि एका विषयाची दीडशे-दोनशे तासांची व्याख्याने संपली की अभ्यास झाल्यासारखे वाटते. पण शिक्षकाने फळ्यावर सोडवलेले उदाहरण समजणे आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर स्वतः सोडवणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्यांदा तीच व्याख्याने दुसऱ्या शिक्षकांकडून ऐकण्यापेक्षा संस्थेचे स्टडी मटेरिअल, आरटीपी म्हणजे रिव्हिजन टेस्ट पेपर आणि एमटीपी म्हणजे मॉक टेस्ट पेपर लिहून सोडवावेत. हे तिन्ही संस्था स्वतः प्रसिद्ध करते, विनामूल्य मिळतात, आणि आधीच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरेही उपलब्ध असतात. परीक्षकांना अपेक्षित असलेली भाषा त्या सुचवलेल्या उत्तरांत जशीच्या तशी दिसते.

१०. मागच्या वर्षीची पुस्तके वापरली तर काय बिघडते?

अकाउंटिंग किंवा कॉस्टिंगमध्ये फारसे नाही. करविषयांत मात्र बरेच बिघडते. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे दर बदलले. सूचीबद्ध शेअरवरील दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर १० वरून १२.५ टक्के आणि अल्प मुदतीच्या नफ्याचा १५ वरून २० टक्के झाला, आणि करमुक्त मर्यादा एक लाखाऐवजी सव्वा लाख झाली. त्या वर्षाच्या उदाहरणात विक्रीची तारीख २२ जुलै आहे की २३ जुलै, यावर उत्तर बदलते. जुनी टिपणे घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला पद्धत पूर्ण माहीत असूनही उत्तर चुकते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली असल्यामुळे कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे संस्था प्रत्येक परीक्षेआधी जाहीर करते. ते पान छापून अभ्यासाच्या टेबलासमोर लावावे, मगच पुस्तक विकत घ्यावे.

११. मी मराठी माध्यमात शिकलो आहे. इंग्रजीमुळे नापास होतो असे वाटते. काय करावे?

या परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात. मराठीचा पर्याय नाही. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा ठिकाणांहून आलेल्या विद्यार्थ्यांची ही अडचण खरी आहे, आणि ती न्यूनगंड म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. अडचण मात्र बहुधा व्याकरणाची नसते. ती दोन ठिकाणी असते. एक, लांबलचक केस वाचायला इतरांपेक्षा दीडपट वेळ लागतो. दोन, संकल्पना मराठीत नीट समजलेली असते पण तिचा नेमका तांत्रिक शब्द वेळेवर हाताशी येत नाही.

पहिल्यासाठी स्टडी मटेरिअलमधील केसेस रोज मोठ्याने वाचाव्यात. दोन-तीन महिन्यांत वेग वाढतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. दुसऱ्यासाठी प्रत्येक प्रकरणातील वीस-पंचवीस शब्दांची वही करावी आणि रोज एक उत्तर लहान, साध्या वाक्यांत लिहावे. प्रश्न ६ मधील तीन पायऱ्यांची रचना येथे फार उपयोगी पडते, कारण ती पाळली की वाक्ये आपोआप छोटी होतात. व्याख्यान मराठीत किंवा हिंदीत ऐकायला हरकत नाही, पण वाचन आणि लेखन ज्या भाषेत परीक्षा द्यायची आहे त्याच भाषेत, पहिल्या दिवसापासून.

१२. दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत की एक-एक?

नियमाच्या बाजूने पाहिले, तर एकत्र देणाऱ्याला एक सवलत आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. दोन्ही ग्रुप एकाच परीक्षेत दिले, सहाही विषयांत किमान ४० गुण असले आणि एकूण बेरीज ६०० पैकी ३०० झाली, तर दोन्ही ग्रुप उत्तीर्ण धरले जातात, जरी एका ग्रुपची स्वतंत्र बेरीज १५० पेक्षा कमी असली तरी. उदाहरणार्थ पहिल्या ग्रुपमध्ये ५२, ४१ आणि ४८, म्हणजे १४१. दुसऱ्यात ५८, ५५ आणि ४९, म्हणजे १६२. बेरीज ३०३. एकेक करून दिले असते तर पहिला ग्रुप नऊ गुणांनी गेला असता. एकत्र बेरीज पुरेशी नसली किंवा एखाद्या विषयात ४० हुकले, तरी स्वतःच्या बळावर निकष पूर्ण करणारा ग्रुप पास होतोच.

तयारीच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. सहा विषयांची दीड-दीड दिवसांची रिव्हिजन सलग करण्याची ताकद असावी लागते. चार महिने हातात असून तीनच विषय पक्के झाले असतील, तर सहाचा फॉर्म भरून सहाही कच्चे ठेवण्यापेक्षा एक ग्रुप द्यावा. परीक्षेच्या दोन महिने आधी सहाही विषयांचे प्रत्येकी एक मॉक पेपर घड्याळ लावून सोडवावा; चारपेक्षा कमी विषयांत ४० गाठले गेले, तर एका ग्रुपवर यावे. ही मर्यादा मी अनुभवाने ठरवली आहे, ती नियमात नाही.

१३. एका विषयात साठच्या वर गुण आहेत, पण ग्रुप राहिला. एक्झम्प्शनबद्दल काय काळजी घ्यावी?

ग्रुप नापास होऊनही एखाद्या विषयात ६० किंवा अधिक गुण मिळाले असतील, तर लगेच पुढच्या तीन परीक्षांमध्ये तो विषय पुन्हा द्यावा लागत नाही आणि मिळालेले गुण बेरजेत धरले जातात. समजा ऑडिटमध्ये ६४ आहेत; मग उरलेल्या दोन विषयांत मिळून ८६ गुण पुरतात, अर्थात प्रत्येकात ४० हवेतच.

येथे दोन ठिकाणी विद्यार्थी फसतात. पहिले म्हणजे, ही सवलत त्या ग्रुपच्या सर्व विषयांना हजर राहिलेल्यालाच मिळते. पहिला पेपर वाईट गेला म्हणून उरलेले सोडून घरी परतलेल्या विद्यार्थ्याला, एखाद्या दिलेल्या विषयात ७० गुण असले तरी एक्झम्प्शन मिळत नाही. तेव्हा पेपर कितीही वाईट गेला असला तरी पुढच्या पेपरला जाऊन बसावेच. दुसरे म्हणजे, 'पुढच्या तीन परीक्षा' याचा अर्थ लागोपाठच्या तीन परीक्षा असा आहे. तुम्ही बसला नाहीत तरी ती संधी मोजली जाते. वर्षाला दोन परीक्षा असताना ही सवलत दीड वर्ष पुरत असे. तीन परीक्षा असताना ती वर्षभरात संपते. 'या वेळी राहू दे, पुढच्या वेळी देऊ' असे दोनदा म्हटले, की शेवटची संधी उरते.

१४. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले आहेत. पुनर्तपासणी होते का?

नाही. निकालानंतर एका महिन्याच्या आत गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो, पण त्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. उत्तर पुन्हा वाचून गुण वाढवले जात नाहीत. त्यापेक्षा अधिक उपयोगी मार्ग म्हणजे शुल्क भरून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवणे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे.

प्रत हातात आली की सुचवलेली उत्तरे शेजारी ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करावी: येत नव्हते, येत होते पण वेळ नव्हता, किंवा येत होते आणि लिहिलेही, पण गुण मिळाले नाहीत. माझ्यासमोर बसून हे काम केलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या प्रकारच्या खुणा त्यांच्या अपेक्षेपेक्षा खूपच कमी सापडल्या. दुसऱ्या प्रकारच्या खुणा अधिक असतील तर प्रश्न ४ कडे आणि तिसऱ्या प्रकारच्या अधिक असतील तर प्रश्न ६ कडे परत जावे.

१५. सीएफए किंवा एसीसीए सोपे आहे का? त्यात नापास होण्याचे प्रमाण कमी असते असे ऐकले आहे.

एसीसीए ही ब्रिटनस्थित लेखापाल संस्थेची आणि सीएफए ही गुंतवणूक-विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. रचना वेगळी आहे, त्यामुळे टक्क्यांची थेट तुलना करू नये. एसीसीएमध्ये प्रत्येक पेपरला ५० टक्के लागतात, पण ग्रुपची बेरीज नाही. एकेक पेपर सुटा देता येतो. सीएफएमध्ये उत्तीर्णतेचा गुणांक आधी जाहीर केलेला नसतो आणि प्रत्येक पातळीसाठी साधारण ३०० तासांचा अभ्यास सुचवलेला आहे. तेथेही निकाल फार वर-खाली होतो: पहिल्या पातळीचा जुलै २०२१ चा निकाल २२ टक्के होता, तर फेब्रुवारी २०२४ चा ४४ टक्के. सीएमध्ये लेखनाअभावी नापास होणाऱ्याला बहुपर्यायी परीक्षा सोयीची वाटू शकते, पण ती अर्हता मिळाली म्हणून भारतात वैधानिक ऑडिटवर सही करता येत नाही. कोणते काम करायचे आहे त्यावर परीक्षा निवडावी.

१६. फायनलचा सहावा पेपर पुस्तक उघडून देता येतो, मग त्यात लोक का अडकतात?

इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्सचा हा पेपर चार तासांचा असून पूर्णपणे केसवर आधारित आहे. एकाच केसमध्ये अकाउंटिंग, कर, ऑडिट आणि स्ट्रॅटेजी मिसळलेले असतात. बॅग भरून पुस्तके नेणारे विद्यार्थी उत्तर शोधण्यात वेळ घालवतात. ज्यांनी पाच विषय पक्के करून फक्त अनुक्रमणिका आणि काही तक्ते सोबत नेले, त्यांना तो जमतो.

याच्याशी जोडलेली एक अडचण ऐनवेळी उद्भवते. फायनलला बसण्याआधी चार संचांमधील सेल्फ पेस्ड, म्हणजे आपल्या गतीने पूर्ण करायची, ऑनलाइन मॉड्यूल प्रत्येकी ५० टक्के गुणांनी पूर्ण करावी लागतात. त्यांतील आर्थिक कायदे आणि स्ट्रॅटेजिक कॉस्ट मॅनेजमेंट ही दोन सक्तीची आहेत आणि उरलेल्या दोन संचांतून प्रत्येकी एक विषय निवडायचा असतो. ही मॉड्यूल 'किरकोळ' समजून शेवटच्या सहा महिन्यांवर ढकलली, की मुख्य अभ्यासाचेच आठवडे त्यांत जातात. ती आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षातच संपवावीत.

१७. चार-पाच प्रयत्न झाले आहेत. थांबावे का?

प्रयत्नांची संख्या पाहून मी कोणालाही थांबायला सांगत नाही. प्रयत्नांमधला फरक पाहून सांगतो. शेवटच्या तीन गुणपत्रिका शेजारी ठेवाव्यात. ग्रुपच्या बेरजेचा ११८, १३१, १४४ असा चढता क्रम असेल, तर आणखी एक पूर्ण प्रयत्न करण्यासारखा आहे, आणि त्यात प्रश्न ५ मधील साठच्या विषयाचा विचार आधी व्हावा. १२४, १२१, १२६ असे एकाच जागी अडकलेले असेल आणि प्रत्येक वेळी तयारीची पद्धतही तीच असेल, तर पद्धत बदलल्याशिवाय पुढचा फॉर्म भरू नये. घरची परिस्थिती, वय आणि मनाची अवस्था या गोष्टी यात मोजाव्याच लागतात. त्या मोजणे म्हणजे कमकुवतपणा नव्हे. झोप उडाली असेल, कोणाशी बोलावेसे वाटत नसेल, तर एक परीक्षा सोडून द्यावी, घरच्यांना खरी स्थिती सांगावी आणि आधी डॉक्टरांना भेटावे. एक्झम्प्शन चालू असलेल्यांनी अशी परीक्षा सोडताना प्रश्न १३ मधील मोजणी लक्षात ठेवावी, पण तेवढ्यासाठी स्वतःला ओढत परीक्षा केंद्रावर नेऊ नये. त्या साठ गुणांपेक्षा तुमची प्रकृती महत्त्वाची आहे.